तायडे सरांची विहीर

तायडे सरांना खुर्चीत नीट टेकून बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. अकोल्याच्या आमच्या शाळेत मास्तरांच्या खोलीत प्रत्येकाची एकेक खुर्ची ठरलेली होती. त्यांच्या खुर्चीवर त्यांची खाकी पिशवी असायची आणि ते स्वतः खिडकीशी. चहा उभ्यानं, वह्या तपासणं उभ्यानं, आणि तास संपल्याची घंटा व्हायच्या आधी त्यांचा एक पाय दाराबाहेर. भूगोल शिकवताना ते फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत सारखे चालत. पोरं म्हणत, तायडे सरांच्या तासाला मान दुखते. उंच, काटक, सावळा माणूस. पँटचे खिसे कायम फुगलेले, कारण त्यांत दगड. साधे खिसे महिनाभरही टिकत नसत, म्हणून त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी, जुन्या ताडपत्रीचे खिसे शिवून दिले होते.

मी त्या शाळेत गणित शिकवायला लागलो ते अठ्ठावन-एकोणसाठच्या सुमारास. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि तिसरा प्रश्न विचारला तो असा: “तुमच्या घरच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजते का?”

माझं गाव दर्यापूरकडचं. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी जो खारपाणपट्टा आहे, त्याच्या ऐन मध्यावर. तिथल्या विहिरींना पाणी भरपूर, पण तोंडात धरवत नाही असं. डाळ चुलीवर सकाळपासून ठेवली तरी दाणा दाणा वेगळा राहतो. आई पावसाचं पाणी रांजणात भरून ठेवायची आणि डाळीपुरतं जपून वापरायची. मी हे सांगितलं तसं त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढली. त्यात गावांची नावं होती, पानांमागून पानं, आणि प्रत्येक नावापुढं दोन रकाने. एका रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘खारं. डाळ शिजत नाही.’ मग पेन्सिल तशीच धरून विचारलं, “अन् आमच्या लोकायच्या विहिरीचं?”

मला कळलं नाही. ते म्हणाले, “तुमच्या गावात बौद्धवाडा असंन ना. छपन्नच्या आंधी त्याले दुसरं नाव होतं. तथचे लोक पानी कोठून भरतात?”

मला माहीत नव्हतं. ज्या गावात जन्मलो, ज्याच्या प्रत्येक शेताचं नाव मला पाठ होतं, त्या गावातल्या पन्नास घरांचं पाणी कुठून येतं हे मी सव्वीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दुसरा रकाना कोरा ठेवला आणि म्हणाले, “पाहून सांगजा.” आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच फक्त माहिती हवी होती.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा मी आमच्या सालदाराला विचारलं. तो मला नाल्यात घेऊन गेला. वाळूत खणलेला झिरा होता, कमरेइतका खोल, आणि एक म्हातारी करवंटीनं पाणी भरत होती. परत येऊन मी तायडे सरांना सांगितलं. त्यांनी रकान्यात ‘झिरा’ एवढंच लिहिलं, वही मिटली आणि म्हणाले, “देशमुख सर, या शनिवारी नरनाळ्यावर येता का?”

तेव्हापासून सात-आठ वर्षं माझे शनिवार-रविवार त्या माणसाच्या मागं धावण्यात गेले. शनिवारी शाळा अर्धा दिवस असे. घंटा झाली की अकोटची मोटार, अकोटात भाड्याच्या सायकली, अंधार पडायच्या आत पोपटखेड, तिथल्या शाळेच्या ओसरीवर मुक्काम आणि उजाडता उजाडता गड चढायला सुरुवात. तिसरे असत आमचे चित्रकलेचे जोशी सर. ते पुण्याचे. नोकरीसाठी इकडं आले होते. वऱ्हाडी बोलणं त्यांना पहिले सहा महिने भांडणासारखं ऐकू येई. त्यांना गडाचे दरवाजे आवडत, कमानी आवडत, आणि सावलीत बसून चित्र काढायला आवडे. तायडे सरांबरोबर त्यांचं एकही चित्र पूर्ण झालं नाही.

नरनाळ्याचा तो मोठा नक्षीचा दरवाजा बघायला लोक लांबून येतात. तायडे सर त्याच्याकडं पाठ करून उभे राहिले आणि समोरच्या कड्याकडं बोट करून म्हणाले, “मोजा.”

“काय मोजू?”

“थर.”

मी मोजू लागलो. जाड काळा थर, त्याखाली वीतभर लाल पट्टी, पुन्हा काळा, पुन्हा लाल. इतक्या वर्षांत मी तो डोंगर कितीदा तरी दुरून पाहिला होता, पण तो असा चळतीसारखा रचलेला आहे हे कधी दिसलं नव्हतं. ते सांगू लागले, आणि सांगता सांगता चालूही लागले, त्यामुळं अर्धं मला धापा टाकत ऐकावं लागलं. जमिनीला भेगा पडून आतला तापलेला रस वाहून आला आणि थंड झाला, तो हा काळा दगड. त्यानंतर हजारो वर्षं काहीच झालं नाही. ऊन, पाऊस, दगडाची माती झाली. मग त्या मातीवर पुन्हा रस आला आणि ती विटेसारखी भाजून लाल झाली. कड्याच्या कुशीत एके जागी त्यांनी मला हात लावायला लावला. लाल पट्टीच्या अगदी वर दगड ओला होता, थेंब थेंब पाणी गळत होतं आणि तेवढ्याच भागात नेचे उगवले होते. “पानी काळ्या दगडाच्या चिरेतून खाली येते, पन लाल थर त्याले जाऊ देत नाई,” ते म्हणाले. “म्हनून गडावरच्या तलावात उन्हाळ्यात पानी, अन् खाली आमी बोंबलत.”

भाकर त्यांनी चालता चालता खाल्ली. जोशी सर मागून म्हणाले की तायडे, जरा दमानं, डोंगर काही पळून जात नाही.

“डोंगर नाई जात. रविवार जाते,” तायडे सर म्हणाले आणि वळणाआड दिसेनासे झाले.

हे सगळं ते शिकले कुठं, तर नागपूरला कॉलेजात असताना रद्दीवाल्याकडून घेतलेल्या एका इंग्रजी पुस्तकातून. त्याला पुठ्ठा नव्हता आणि पहिली चाळीसेक पानं गेलेली होती. कुणी त्यांना पृथ्वी कशी निर्माण झाली असं विचारलं की ते सरळ सांगत, “ते मले माहीत नाई. ती पानं नव्हती. त्याच्या पुढचं विचारा.” वर्गात तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी हेच उत्तर दिलं होतं.

घर त्यांचं दोन खोल्यांचं, आणि त्यांपैकी एक दगडांची. शांताबाईंची त्याबद्दल तक्रार अशी नव्हती, पण पाहुण्यांना त्या बजावून सांगत की अंधारात पाय जपून टाका. एकदा सरांनी मेळघाटातून नारळाएवढा एक गोल गोटा आणला आणि ओट्यावर ठेवला. शेजारी एक म्हातारी राहायची. तिनं तो पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी गोट्याला शेंदूर. तिसऱ्या दिवशी फुलं. सरांना तो गोटा सोमवारी वर्गात फोडून दाखवायचा होता, कारण आत गारगोटीचे स्फटिक असणार याची त्यांना खात्री होती. शिवाय छपन्नच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेल्या माणसाच्या ओट्यावर देव बसावा हे त्यांना पटेना. ते तरातरा निघाले म्हातारीला समजावायला. शांताबाईंनी अडवलं. त्या म्हणाल्या, तिचा ल्योक गेल्या साली गेला, तिले एवढंच हाय, तुमी दुसरा दगड पाहा. पुढच्या रविवारी आम्ही तिघं केवळ तसाच एक गोटा शोधायला पुन्हा मेळघाटात गेलो. पहिला ओट्यावरच राहिला. सर जाता-येता त्याच्याकडं बघत आणि आत काय असेल या विचारानं अस्वस्थ होत.

त्यांची एकुलती बहीण सखूबाई. ती दिलेली होती हिवरखेडच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी असलेल्या एका लहान गावात. दीक्षेनंतर तिथल्या बौद्धवाड्यानं मेलेली ढोरं ओढणं आणि गावकीची असली सगळी कामं सोडली. त्याला उत्तर म्हणून गावानं पाणी बंद केलं. पूर्वी गावविहिरीवर कुणीतरी वरून ओतून द्यायचं, तेही गेलं. मग नाला, आणि नाला आटला की मैलभरावरचा एक मळा. चार वर्षं बाया डोक्यावर हंडे घेऊन तेवढं चालल्या. मग ब्लॉकाच्या कचेरीतून त्यांना स्वतंत्र विहीर मंजूर झाली. खोदायचं वाड्यानं, सुरुंगाचं सामान सरकारचं. जागा तेवढी ठरवायची होती.

त्या भागातल्या एका पाणाड्यानं कडुनिंबाची फांदी हातात धरून वाड्याच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या दिशेनं जागा दाखवली. तायडे सरांनी ती नाकारली. त्यांचं म्हणणं, डोंगरातला लाल थर गावाकडं उतरत येतो, पाणी त्याच्यावरून येणार, तेव्हा विहीर वाड्याच्या वरच्या अंगालाच हवी. त्यांनी जमिनीवर काठीनं आकृती काढून दाखवली. लोकांना आकृती कळली असेल असं नाही, पण आपल्यातला पहिला कॉलेजात गेलेला माणूस सांगतोय एवढं पुरेसं होतं.

कार्तिकात खोदायला घेतलं. चैत्र लागला तेव्हा तीस हात खोल गेले होते आणि खाली नुसता काळा पाषाण. त्या रविवारी मी तिथं होतो. आज पाणी दिसेल अशी कुणीतरी आवई उठवली होती, त्यामुळं बाया हंडे घेऊनच आल्या होत्या. सुरुंगवाला वर येऊन म्हणाला, आता याच्या खाली दगड अजून कडक आहे. तायडे सर दोर धरून खाली उतरले. बराच वेळ वर आलेच नाहीत. आले तेव्हा हातात काळ्या दगडाचा एक ढलपा होता, कोरडा ठणठणीत. लाल थराचा पत्ता नव्हता.

बाया आपापले हंडे उचलू लागल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं असं ते मला नंतर म्हणाले. सखूबाई तेवढी पुढं आली. रिकामा हंडा कमरेवर घेऊन ती शांतपणे म्हणाली, “भाऊ, तू पोरायले शिकवजो. विहिरीचं आता दुसऱ्याले पाहू दे.”

परतताना ते सायकलवर बसले नाहीत. हातात धरून चालत राहिले, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्यासाठी थांबावं लागलं.

पुढचे दोन-तीन आठवडे त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. डोंगर बंद. संध्याकाळी ते रेल्वेच्या रुळांकडेनं चालत जात आणि मोर्णेच्या पुलावरून परत येत. माझ्या घरी येत, चहा टाकला असं म्हणेपर्यंत उठून जात. वर्गात एकदा थरांबद्दल शिकवता शिकवता मधेच थांबले आणि खडू ठेवून बाहेर गेले. शांताबाईंनी मला विचारलं, तुमच्याशी काही बोलतात का. माझ्याशीही बोलत नव्हते. ते पुस्तक मात्र सतत बगलेत असे.

त्यांना बाहेर काढलं ते जोशी सरांनी. त्यांनी थाप मारली की सालबर्डीच्या लेण्यांचं चित्र त्यांना एका प्रदर्शनासाठी हवं आहे आणि एकट्यानं जायची भीती वाटते. आम्ही अमरावतीहून मोर्शीला आणि तिथून पुढं गेलो. सालबर्डीला डोंगरातून नदी उतरते. जोशी सर लेण्यांपाशी थांबले. तायडे सर नेहमीसारखे नदीच्या पात्रातून पुढं गेले. अर्ध्या तासानं मी त्यांना शोधत गेलो, तर ते खाली बसले होते. मांडी घालून, दगडगोट्यांत, दोन्ही हात जमिनीवर टेकवून. मला वाटलं, पाय मुरगळला.

“इकडं या,” ते म्हणाले. “हा पाहा.”

डाव्या हाताखाली आमचा नेहमीचा काळा दगड होता. उजव्या हाताखाली मात्र वेगळाच, करडा-गुलाबी, मिठाचे खडे मिसळल्यासारखा चमचमणारा. असा दगड मी वऱ्हाडात कुठं पाहिला नव्हता. ते म्हणाले, हा काळ्याहून कितीतरी जुना. याची जागा काळ्याच्या खाली, खूप खोल. हे दोघं असे शेजारी शेजारी असायला नकोत. असले, तर एकच अर्थ. इथं डोंगर तुटलेला आहे. एक बाजू वर उचलली गेली, दुसरी खचली. आणि ही चीर सातपुड्याच्या पायथ्यापायथ्यानं तशीच पश्चिमेला गेलेली आहे.

“हे पुस्तकात होतं,” ते म्हणाले. “वाचलं होतं मी. वाचलं अन् पुढचं पान उलटलं. डोंगरात जे पाह्यलं तेच सखूच्या गावाखाली असंन असं धरून बसलो. ते गाव तर चिरीच्या काठावर हाय. लाल थर तथी कोठून येईन, तो तुटून गेला.”

त्यांचे डोळे भरून आले होते. मी काही बोलणार इतक्यात ते उठले, पँट झटकली आणि म्हणाले, चला. जोशी सरांचं चित्र निम्मंही झालं नव्हतं. मोर्शीची मोटार आम्ही धावत गाठली.

पुढचे तीन शनिवार-रविवार त्यांनी सखूबाईच्या गावात फावडं घेऊन काढले. वाड्याच्या खालच्या अंगाला एका पडीक जागेत हातभर मातीखाली त्यांना गोल, गुळगुळीत गोटे लागले. असे गोटे पाणीच घडवतं. नाला तिथून तीन शेतं लांब होता. म्हणजे कधीकाळी तो इथून वाहत होता, आणि डोंगरातून आणलेले गोटे त्यानं त्या खचलेल्या बाजूत भरून ठेवले होते. गोट्यांच्या पोटात पाणी असणार. पाणाड्याची जागा तिथून फार लांब नव्हती. जोशी सरांनी त्यावरून त्यांना छेडलं, तेव्हा ते म्हणाले, “त्याले पानी माहीत होतं, कारन नाई. मले कारन माहीत होतं, पानी नाई. दोघायनं बसून बोलाले पाह्यजे होतं.” पुढं ते खरोखरच त्याला शोधत गेले, आणि दिवसभर त्याच्याबरोबर फिरले.

पण पुन्हा खोदणार कोण? कचेरीनं सांगितलं, एका वाड्याला एक विहीर, ती झाली. आता पुरे म्हणून लोकांनी हात जोडले. सर म्हणाले, मीच खोदतो. मेची सुट्टी लागली तशी टिकास घेऊन सुरुवात केली. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांचे हात फुटले होते आणि खड्डा गुडघाभर. दुसऱ्या दिवशी त्यांचे मेहुणे, सखूबाईचा नवरा नामदेव, न बोलता येऊन शेजारी उभे राहिले आणि खणायला लागले. नामदेव म्हणजे दिवसातून चार शब्द बोलणारा माणूस. तिसऱ्या दिवशी सखूबाई घमेलं घेऊन आली. त्या कोरड्या विहिरीपासून भावाशी तिचा अबोला होता, पण माती ओढत होती. पुढं मी आणि जोशी सर आठ दिवस जाऊन राहिलो. मला त्यातलं येत काहीच नव्हतं. घमेली ओढणं आणि हातांवरचे फोड फोडणं एवढंच मी केलं.

गोट्यांची जमीन खणायला सोपी, पण ती उभी राहत नाही. पंधरा हातांवर असताना एका दुपारी बाजू ढासळली आणि नामदेव कमरेपर्यंत गाडले गेले. तायडे सर दोर न बघताच खाली उतरले. आम्ही वरून घमेली ओढत होतो, ते हातांनी गोटे बाजूला करत होते. तासाभरानं नामदेवांना वर काढलं. घोटा मोडला होता. सखूबाईनं भावाकडं पाहिलं आणि नवऱ्याला बाजेवर घालून घरी नेलं.

सर विहिरीच्या काठावर येरझाऱ्या घालत राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, बुजवून टाकू. मी त्यांच्या तोंडून असं काही कधी ऐकलं नव्हतं. आम्ही दोघं नामदेवांकडं गेलो. घोट्याला हळद बांधून ते पडले होते. सरांनी पुन्हा तेच सांगितलं, विहीर बुजवतो. सखूबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती.

नामदेव म्हणाले, “बुजवू नका. अंगावर पडले ते गोटे ओले होते.”

सखूबाई वळली. मग तिनं विचारलं, “खरंच ओले होते?” नामदेवांनी मान हलवली. तिनं पातेलं उतरवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि वाड्यात सांगायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर अकरा माणसं होती. जोशी सरांनी वहीत चौकटीचं चित्र काढलं. तसे बाभळीचे वासे कापून आणले, आणि जसजसं खाली जाऊ तसतशी बाजू अडवत गेलो. जोशी सरांचं पूर्ण झालेलं ते एकच चित्र. बावीस हातांवर पाणी लागलं. सुरुवातीला गढूळ, मग सकाळपर्यंत निवळून बोटभर वर आलेलं. सगळे काठावर वाकून बघत होते. सरांनी एका बाईला घरून तुरीची डाळ आणायला लावली. तिथंच तीन दगड मांडले, चूल पेटवली आणि डाळ शिजत घातली. दर पाच मिनिटांनी झाकण काढून ते दाणा चेपून बघत. शेवटी सखूबाई म्हणाली, “भाऊ, झाकन राहू दे ना. तुह्या अशा करन्यानं ते कशी शिजंन?” दोन महिन्यांत ती त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. डाळ शिजली. सगळ्यांनी ओंजळीत घेऊन खाल्ली, नुसती, मिठाशिवाय.

त्या विहिरीला लोक ‘नामदेवची विहीर’ म्हणू लागले. ते योग्यच होतं, पायाचा घोटा त्यांनीच दिला होता. पुढं एका कडक उन्हाळ्यात वाड्याबाहेरच्या, गावातल्या दोन घरच्या बाया संध्याकाळी तिथं घागरी घेऊन आल्या. सखूबाईनं त्यांना बराच वेळ ताटकळत ठेवलं, आणि मग स्वतःच बादली सोडून पाणी काढून दिलं. ओतून नाही, बादलीच हातात दिली.

आणि वरच्या अंगाची ती कोरडी विहीर, जी श्रावणात पावसाच्या पाण्यानं भरते आणि कार्तिकात आटते, तिला नाव पडलं ‘तायडे सरांची विहीर’. त्यांना याचं वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण दरवर्षी हिवाळ्यात ते नववीच्या वर्गाची सहल तिकडं नेऊ लागले. तीस हात उभा चिरलेला खडक असा सबंध कुठं बघायला मिळतो, असं ते म्हणत. पोरांना काठावर पालथं झोपवून, डोकी आत वाकवायला लावून, माती, मुरूम आणि खालचा काळा पाषाण दाखवत. एका वर्षी मीही सोबत होतो. एका मुलीनं विचारलं की सर, हिला पाणी का नाही. सर म्हणाले, “मी चुकलो म्हनून. ही माहीच हाय. नाव इचार गावात.” मग त्यांनी तिला आपण नेमकं कुठं चुकलो ते खडकावर बोट ठेवून सविस्तर सांगितलं. बाकीच्या वर्गापेक्षा त्या एका प्रश्नावर ते जास्त खूश होते.

सहासष्टच्या आसपास मला अमरावतीला नोकरी मिळाली आणि आमचे शनिवार सुटले. पत्रं लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. नंतर ऐकलं की पाणी शोधणाऱ्या सरकारी खात्यात जाण्यासाठी त्यांनी अर्ज केला होता. वय उलटलं होतं आणि पदवी भूगोलाची, म्हणून तो परत आला. विहिरींची ती वही त्यांनी स्वतःच्या हातानं नक्कल करून ब्लॉकाच्या कचेरीत नेऊन दिली. तिचं पुढं काय झालं हे मला कळलं नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते दोन-एक वर्षांनी. मी परीक्षेच्या कामासाठी धारणीला निघालो होतो. परतवाड्याला गाडीत ते चढले. खांद्याला पिशवी, केस पांढरे व्हायला लागलेले. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तिच्यावर पिशवी ठेवून ते दांड्याला धरून उभे राहिले. शांताबाई बऱ्या आहेत, थोरला मुलगा नागपूरला शिकतो आहे, असं तुटक तुटक बोलले. डोळे खिडकीबाहेर. घाटात रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. एका वळणावर गाडी थांबवून ठेवली, पुढं सुरुंग उडवायचे होते. स्फोट झाले, धूळ बसली, आणि समोर डोंगराची एक उभी, ताजी कापलेली बाजू दिसली. सर पिशवी उचलून उतरले.

वाट मोकळी झाली तसा ड्रायव्हर भोंगा वाजवू लागला. लोक कुरकुर करू लागले, कंडक्टरनं दोनदा हाक मारली. मी उतरून त्यांच्याकडं गेलो आणि म्हटलं, सर, चला, गाडी निघाली.

“तुमी जा,” ते म्हणाले. “हे फक्त आज हाय. उद्या ते लोकं एवढं बी फोडून टाकतीन.”

मी विचारलं की मग धारणीला कसे येणार. येईल एखादा ट्रक, असं म्हणत ते वळलेसुद्धा.

गाडी निघाली. मी मागच्या काचेतून पाहत होतो. तायडे सरांनी दोन्ही तळहात त्या ताज्या दगडावर ठेवले होते आणि रस्त्याच्या कामावरच्या कोरकू मजुरांना मान वळवून काहीतरी सांगत होते. मजूर जरा अंतर ठेवून उभे होते. त्यांतल्या एका बाईनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली, पुढं गेली, आणि त्यांच्या हाताशेजारी आपला हात दगडाला लावला. मग वळण आलं.